तेल संघटनेचं तयार पत्र खासदाराला पाठवू का? (इंग्लंडमधलं घर, हीटिंग आणि बिलावरचे कर)

रानजाई
नमस्कार मंडळी. श्रॉपशरमध्ये लडलोपासून सात-आठ मैलांवरच्या खेड्यात आम्ही सहा वर्षं राहतोय. गावात गॅसची लाइन नाही. मागच्या अंगणात हिरव्या प्लॅस्टिकची १,२०० लिटरची टाकी आहे. तिच्यात केरोसीन, म्हणजे आपलं रॉकेल, आणि त्यावर घराचा बॉयलर चालतो. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा टाकीजवळ उभं राहून वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर रेशनचं रॉकेल! इतकं कुठून आणलंत?"

मुद्द्यावर येते. गेल्या आठवड्यात बॉयलरची वार्षिक सर्व्हिस झाली. आमचा बॉयलरवाला अगदी सज्जन माणूस, एकदा नाताळच्या आदल्या रात्री बर्फातून येऊन नोझल बदलून दिलं होतं. जाताना पावतीबरोबर त्याने एक रंगीत पत्रक आणि खासदाराच्या नावे लिहिलेलं तयार पत्र ठेवलं. माझं नाव, पत्ता आणि सही एवढीच जागा रिकामी. मागण्या अशा: वनस्पती तेलापासून बनणाऱ्या एचव्हीओ इंधनावरचा कर काढा, तेल विकणाऱ्यांना ते ठरावीक प्रमाणात विकायला लावणारा नियम आणा, आणि खेड्यातल्या लोकांवर हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं, विजेवर चालणारं यंत्र) लादू नका.

वाचताना प्रत्येक वाक्याला मान हलत होती. पेन हातात घेतलं आणि थांबले. "मी एक ग्रामीण रहिवासी म्हणून आपणास कळवू इच्छिते" असं माझ्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी लिहून ठेवलंय, ते मनाला पटेना. सही करू का? आणि या करांचं खरं गणित काय आहे?

वाकडेवाडी
रॉकेलवर अख्खा बंगला गरम! आमची आजी पाच लिटरच्या डब्यासाठी दोन तास रांगेत उभी राहायची, तुमची टाकी पाहून तिने तिला हळदकुंकू वाहिलं असतं. बाकी विषयातलं कळत नाही, वाचतोय.

कॉर्नवॉलची_लाट
रानजाई, बिनधास्त सही करा. आधीच सांगते, माझे यजमान इंधन वितरणाच्या एका छोट्या कंपनीत हिशेब बघतात, त्यामुळे ही बाजू मला घरातूनच माहीत आहे.

कॅम्बोर्नजवळ केहेलँड नावाचं खेडं आहे. तिथे घरांचे, शाळेचे आणि चर्चचेही बॉयलर एचव्हीओवर चालवून दाखवले. टाकी तीच, रेडिएटर तेच, बॉयलरमध्ये किरकोळ बदल. दगडी भिंतींच्या दीडशे वर्षं जुन्या घरात जमिनी न उकरता हे होतं. इथले तेव्हाचे खासदार जॉर्ज युस्टिस यांनी संसदेत हा विषय लावून धरला आणि २०२३ च्या ऊर्जा कायद्यात त्यासाठीची तरतूद झाली. ऑफटेक (तेलावरच्या हीटिंगवाल्यांची) आणि यूकेआयएफडीए (इंधन वितरकांची) या दोन संघटनांनी पाठपुरावा केला नसता तर आमच्यासारख्यांचं नाव कुणी काढलं असतं? २०२६ पासून गॅस नसलेल्या गावांत नवा तेलाचा बॉयलर बसवायला बंदी येणार होती. शहरातल्या गॅसवाल्यांना २०३५ आणि आम्हाला २०२६! सप्टेंबर २०२३ मध्ये सुनाक यांनी तीही २०३५ वर नेली. संघटना नसती तर ते झालं नसतं.

थेम्सकाठचा_मोरे
लाटताई, संघटना उपयोगाची असते हे मान्य. पण ती कोणाच्या पैशावर चालते तेही बघा. मी स्लाऊमध्ये राहतो, गॅसवाला. २०२४ च्या जानेवारीत माझा बॉयलर गेला. नव्याच्या कोटेशनमध्ये 'बॉयलर टॅक्स' म्हणून वेगळी ओळ होती. मी आपला चिडून सरकारला शिव्या घालत बसलो. नंतर शोधलं तर असा कोणताही कर त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता!

होतं ते असं. सरकारने योजना आखली होती की मोठ्या बॉयलर कंपन्यांनी विक्रीच्या काही टक्के हीट पंप विकावेत, पहिल्या वर्षी ४ टक्के. कमी पडले तर दर पंपामागे ३,००० पौंड दंड. तो कंपनीला होता, तुम्हा-आम्हाला नव्हता. शिवाय योजना एप्रिल २०२४ मध्ये सुरू व्हायची होती. तरी कंपन्यांनी आधीच बॉयलरमागे १२० पौंडांपर्यंत किंमत वाढवली आणि तिला 'बॉयलर टॅक्स' नाव मिळालं. हे नाव लावून धरण्यात ईयूए ही गॅस-बॉयलर उद्योगाची व्यापारी संघटना पुढे होती. तिचे प्रमुख माइक फॉस्टर हे मजूर पक्षाचे वूस्टरचे माजी खासदार, म्हणजे संसदेच्या खाचाखोचा पुरत्या ठाऊक असलेला माणूस. मार्चमध्ये सरकारने योजना वर्षभर पुढे ढकलली. ती एप्रिल २०२५ मध्ये आली तेव्हा प्रमाण ६ टक्के होतं, पण पहिल्या वर्षाचा दंड ३,००० वरून ५०० पौंडांवर आला होता.

याच संघटनेने एका जनसंपर्क कंपनीला पैसे देऊन हीट पंपांविरुद्ध बातम्या पेरल्याचं २०२३ च्या जुलैमध्ये पत्रकारांनी उघड केलं. त्यातल्या काही बातम्या मी वाचून बायकोला दाखवल्या होत्या, "बघ, पंपाने घर गरमच होत नाही" म्हणून. म्हणून म्हणतो, पत्र तयार मिळालं की आधी ते कुणाच्या छापखान्यातून आलं ते बघा.

कॉर्नवॉलची_लाट
मोरे, गॅस बॉयलरवाल्यांचं पाप तेलवाल्यांच्या माथी मारू नका. संघटना वेगळ्या, माणसं वेगळी. आणि हीट पंपवाल्यांच्या संघटना नाहीत का? त्याही मंत्र्यांच्या दारात उभ्या असतातच की.

उष्मागतिक
असतात. मी लीड्समध्ये हीट पंप बसवणाऱ्या कंपनीत डिझाइनचं काम करतो. त्यामुळे माझाही हितसंबंध आहे, हे धरूनच वाचा.

रानजाईताईंनी करांचं गणित विचारलंय ते मांडतो. घरगुती इंधनावर इथे व्हॅट ५ टक्के, मग ते तेल असो, गॅस असो की वीज. घरच्या रॉकेलवर इंधन-शुल्क शून्य. एचव्हीओवर मात्र शुल्क लागत आलंय, म्हणजे घाण इंधन करमुक्त आणि त्यातल्या त्यात स्वच्छ इंधनावर कर. ही विसंगती आहे आणि त्यावर तेल संघटनांचं म्हणणं रास्त आहे.

पण खरा भार आहे विजेवर. पवन आणि सौर ऊर्जेच्या जुन्या योजनांचे पैसे (रिन्यूएबल्स ऑब्लिगेशन, फीड-इन टॅरिफ) वर्षानुवर्षं वीजबिलातून वसूल होत आले. त्या योजना नव्या प्रकल्पांसाठी २०१७ आणि २०१९ मध्येच बंद झाल्या, पण जुन्या करारांचे हप्ते चालू आहेत. गॅसच्या बिलावर यातलं फारसं काही नाही आणि तेलावर काहीच नाही. त्यामुळे, आणि घाऊक बाजारात विजेचा भाव बऱ्याचदा गॅसच ठरवतो त्यामुळे, विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या चौपटीहून महाग पडतं.

आता हिशेब करू. हीट पंप एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो. सरकारी प्रयोगात ७४२ घरांत पंप बसवले होते. त्यात सरासरी तीनच्या थोडी खालीच आली, पण अमुक प्रकारच्या घरात पंप चालतच नाही असं काही दिसलं नाही. गॅसचा बॉयलर एका युनिटला ०.८५ ते ०.९ देतो. म्हणजे वीज गॅसच्या साधारण ३.३ पटीपेक्षा महाग असेल तर पंपवाल्याचं बिल गॅसवाल्यापेक्षा जास्त. यंत्र कितीही चांगलं असो, कराची रचनाच त्याला हरवते.

तेलाचं वेगळं आहे. लिटरमध्ये साधारण १० युनिट असतात. ताई, तुम्ही शेवटचं तेल काय भावाने घेतलंत?

रानजाई
नोव्हेंबरमध्ये ६२ पेन्स लिटर, व्हॅटसकट. ५०० लिटर, त्याहून कमी कुणी आणून देत नाही.

उष्मागतिक
म्हणजे युनिटला ६.२ पेन्स. बॉयलर ८५ टक्के धरला तर उष्णतेचं युनिट ७.३ पेन्स. वीज २७ पेन्स धरली आणि पंपाने तीनपट दिली तर ९ पेन्स. या भावाला तेल स्वस्त. पण नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी रिन्यूएबल्स ऑब्लिगेशनच्या घरगुती खर्चाचा ७५ टक्के भाग एप्रिल २०२६ पासून तीन वर्षं सरकारी तिजोरीतून द्यायचं ठरवलंय. वीज उतरली की फरक कमी होईल. आणि २०२२ च्या मार्चमध्ये तेल एका पौंडावर गेलं होतं ते आठवत असेल.

रानजाई
विसरेन कशी! टाकी तळाला गेली होती आणि मुलगी चार महिन्यांची. गॅस-विजेला निदान सरकारी कमाल दर होता, तेलाला तोही नाही. तीन कंपन्यांना फोन केले, दुपारपर्यंत तिघांचेही भाव बदलले होते. आम्ही पंधरा दिवस एकाच खोलीत झोपलो.

जुना_लेस्टरकर
मुली, तुझं वाचून १९८१ चा हिवाळा आठवला. मी तेव्हा लेस्टरला भाड्याच्या खोलीत राहायचो. मीटरमध्ये ५० पेन्सचं नाणं टाकलं की गॅसची शेगडी पेटायची. आमची घरमालकीण मिसेस ए. रात्री हातमोजे घालून वाचत बसायची.

तुम्ही सगळे संघटनांबद्दल बोलताय, पण बिनसंघटनेच्या लोकांनीही इथे कर परतवला आहे. १९९३ मध्ये घरच्या इंधनावर व्हॅट शून्य होता. त्या वर्षी मार्चमध्ये अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी जाहीर केलं की १९९४ च्या एप्रिलपासून ८ टक्के आणि पुढच्या वर्षी १७.५ टक्के. काय गदारोळ झाला! पेन्शनर मंडळींनी खासदारांच्या कचेऱ्यांत हाताने लिहिलेल्या पत्रांचे ढीग लावले. मिसेस ए.ने तर आपली तीन हिवाळ्यांची बिलं नक्कल करून जोडली होती, पाकीट मीच पोस्टात टाकलं. डिसेंबर १९९४ मध्ये दुसऱ्या टप्प्यावर मतदान झालं आणि स्वतःच्या पक्षातल्या बंडखोरांमुळे सरकार ३१९ विरुद्ध ३११ असं हरलं. व्हॅट ८ टक्क्यांवर थांबला आणि १९९७ च्या सप्टेंबरमध्ये मजूर सरकारने ५ वर आणला. तेच ५ टक्के तू आजही भरतेस.

तेव्हा पत्राला किंमत असते. पण ते आपलं हवं.

हिरवा_चाफा
काका, +१. डोळ्यांत पाणी आलं.

बेलफास्टची_शिल्पा
उत्तर आयर्लंडमध्ये तर निम्म्याहून जास्त घरं तेलावर आहेत, आमच्या गल्लीत सगळीच. इंग्लंड-वेल्समध्ये पंपाला ७,५०० पौंडांचं अनुदान आहे, आमच्याकडे ते लागू नाही. त्यामुळे तेल संघटनेचं पत्रक इथे लोकांना जास्त जवळचं वाटतं आणि मला त्यांचा राग येत नाही.

पण अनुदान घाईत आणि उद्योगाच्या सोयीने ठरवलं की काय होतं तेही आम्हीच भोगलंय. लाकडाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या बॉयलरांसाठी आरएचआय योजना होती, २०१२ मधली. अनुदान इंधनाच्या खर्चाहून जास्त आणि वर मर्यादा नाही! लोक म्हणायचे, एक पौंड जाळा आणि एक पौंड साठ पेन्स मिळवा. शेडची दारं उघडी टाकून बॉयलर धडधडत ठेवल्याच्या गोष्टी निघाल्या. २०१५ च्या शरदात दर कमी होणार ही कुणकुण लागली आणि बदल व्हायच्या आत अर्जांची रीघ लागली. ज्यांचे कान मंत्रालयापर्यंत पोचत होते त्यांना आधी कळलं. त्या गोंधळात जानेवारी २०१७ मध्ये आमचे उपमुख्यमंत्री (डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर) मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि आमचं सरकार तीन वर्षं बंद पडलं. माझ्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची प्रतीक्षायादी त्या काळात वाढतच गेली. एका बॉयलरच्या योजनेपायी!

नेकारकाठ
जर्मनीतल्या श्टुटगार्टहून. आमच्याकडे २०२३ मध्ये याहून मोठी रणधुमाळी झाली. नव्या हीटिंगमध्ये ६५ टक्के तरी अपारंपरिक ऊर्जा हवी, असा तेव्हाचे आर्थिक व्यवहार आणि हवामान मंत्री हाबेक यांचा कायदा. 'बिल्ड' वृत्तपत्राने त्याचं नामकरण 'हाइत्स-हामर' केलं, म्हणजे डोक्यात हातोडाच घालतायत जणू. आमची शेजारीण रडकुंडीला आली होती, "पोलीस येऊन माझा बॉयलर काढतील का" म्हणून विचारायची. चालू बॉयलर काढायला कुणी सांगतच नव्हतं. जुलैमध्ये घटनात्मक न्यायालयाने घाईचं मतदान थांबवलं आणि सप्टेंबरमध्ये कायदा बराच सौम्य होऊन संमत झाला.

इथे एक गोष्ट मात्र चांगली आहे. २०२२ पासून लॉबी-नोंदवही आहे. कोणती संघटना कशासाठी भेटीगाठी करते आणि किती खर्च करते, ते घरबसल्या पाहता येतं. तुमच्याकडे?

थेम्सकाठचा_मोरे
आहे, पण अर्धीमुर्धी. २०१४ च्या कायद्याने केलेल्या नोंदवहीत फक्त दुसऱ्यांसाठी लॉबिंग करणारे सल्लागार येतात. संघटनेचा स्वतःचा पगारी माणूस मंत्र्याला भेटला तर त्याने नोंद करायची गरज नाही. म्हणजे आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय तेच नेमके वगळलेले. मंत्र्यांच्या भेटींची यादी सरकार तिमाहीला काढतं, पण त्यात विषय दोन शब्दांत उरकलेला असतो.

वाकडेवाडी
(अवांतर) आमच्या वाड्यात अंघोळीला तांब्याचा बंब होता. त्यात लाकडं, गोवऱ्या, आमच्या जुन्या वह्या, मिळेल ते जायचं. त्यावर कोणताही कर नव्हता आणि आजी सोडून कोणाची लॉबी नव्हती. तिची मात्र जबरदस्त होती, पहिलं पाणी आजोबांना!

हिरवा_चाफा
बंबाचा तो धुराचा वास! उंबऱ्यात बसून चिपाड सारायचं काम माझं असायचं.

उष्मागतिक
एचव्हीओबद्दल एक राहिलं. लाटताई म्हणतात ते तंत्राच्या दृष्टीने खरं आहे, बॉयलर चालतो. प्रश्न पुरवठ्याचा आहे. ते मुख्यतः वापरलेल्या खाद्यतेलापासून बनतं आणि त्यातलं पुष्कळ आशियातून येतं. त्याच तेलावर विमान कंपन्यांचाही डोळा आहे. जानेवारी २०२५ पासून इथे विमानांच्या इंधनात शाश्वत इंधन बंधनकारक आहे, पहिल्या वर्षी २ टक्के, २०३० मध्ये ते १० टक्के होईल. ट्रकवालेही रांगेत आहेत. कर शून्य केला तरी भाव शून्याच्या आसपास येणार नाही, आजही तो रॉकेलपेक्षा जास्तच आहे. कुणी दहा वर्षांचा भरवसा देत असेल तर तो लेखी मागा.

कॉर्नवॉलची_लाट
हा मुद्दा यजमानांनीही कबूल केला. सगळ्या तेलवाल्या घरांना पुरेल एवढा माल येणार नाही, असं तेही म्हणतात. पण ज्या घरात पंप बसवणं खरोखर कठीण आहे, तिथे तरी हा रस्ता उघडा ठेवा. माझ्या सासऱ्यांचं घर समुद्राच्या तोंडावर, भिंती दोन फुटी दगडाच्या, आत १० मिलिमीटरचे बारीक पाइप. पंपवाल्याने १४,००० पौंड सांगितले, अनुदान वजा करून! ८१ वर्षांच्या माणसाने कुठून आणायचे? तुमच्या ७४२ घरांत त्यांचं घर नव्हतं.

उष्मागतिक
मान्य. ही रक्कम ऐकून मलाही वाईट वाटलं. अशा घरांसाठी अनुदानाचा वेगळा टप्पा हवा, हे आमच्या संघटनेनेही मोठ्याने म्हणायला हवं. पुढच्या बैठकीत मी मांडतो.

जुना_लेस्टरकर
रानजाई, अजून सही केली नाहीस ना? लाटताई आणि उष्मागतिक या दोघींमधला हा जो शेवटचा संवाद आहे तो त्या छापील पत्रात कुठे आहे?

हिरवा_चाफा
काका, उष्मागतिक 'दोघी'तले नाहीत. :)

जुना_लेस्टरकर
अरे, क्षमा असावी! आशय मात्र तोच.

रानजाई
चार दिवसांनी परत येतेय. सगळ्यांचे मनापासून आभार, छापून घेऊन यजमान आणि सासूबाई दोघांनाही वाचून दाखवलं.

तयार पत्र मी पाठवलं नाही. स्वतःचं लिहिलं, एक पान. २०२२ च्या मार्चमधले तिन्ही कंपन्यांचे भाव वहीत टिपलेले होते, ते वेळेसकट दिले. सोबत तीन वर्षांची बिलं जोडली, मिसेस ए.सारखी. मागण्या चार केल्या. वीजबिलावरचा जुन्या योजनांचा भार तीन वर्षांपुरता न हलवता कायमचा हलवा. एचव्हीओवरचा कर काढा, पण तो आधी ज्या घरांत पंप खरोखर जमत नाही त्यांच्यासाठी. तेलाच्या भावावर कुणाची तरी देखरेख आणा. आणि संघटनांच्या पगारी माणसांनाही नोंदवहीत घ्या. पहिली मागणी उष्मागतिक यांची, दुसरी लाटताईंच्या सासऱ्यांची, चौथी मोरे आणि नेकारकाठ यांची. तिसरी माझी स्वतःची.

बॉयलरवाल्याला फोन करून सांगितलं की तुझ्या पत्रावर सही केली नाही. वाटलं, दुखावेल. तो म्हणाला, "मलाही ती पत्रकं खोक्यानेच आली होती." मग जरा थांबून विचारलं की पंपाचं प्रशिक्षण घ्यायचं तर पाच दिवस काम बुडतं, त्याचं तुझ्या पत्रात काही लिहिता येईल का. पाकीट अजून बंद केलं नव्हतं, म्हणून पाचवी मागणी हाताने खाली लिहिली.

थेम्सकाठचा_मोरे
खासदाराचं उत्तर आलं की इथे डकवा. ठरावीक साच्यातलं आलं तर पुन्हा लिहू, मीही माझ्या खासदाराला लिहितो.

बेलफास्टची_शिल्पा
मीही. पण रानजाई, टाकीत किती उरलंय ते सांग आधी. पुढच्या आठवड्यात थंडीची लाट आहे म्हणतात.

रानजाई
आज सकाळी काठी घालून बघितलं, ३८० लिटर. वरचा मजला बंद ठेवला तर मार्च निघेल. सासूबाईंनी त्यांची शाल काढून ठेवलीय.